आबांची चाल, लघवी आणि विसर: म्हातारपण समजून सोडून दिलं जाणारं डोक्यातलं पाणी

तापीकाठ

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यातलं आमचं गाव, घरी केळी आणि थोडा कापूस. हा धागा आबांमुळे काढतोय, पण तो आबांपुरता नाही. आपल्या खान्देशात गावोगावी ओट्यावर बसून असलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी कुणाला तरी हाच आजार असणार, आणि त्यांच्या घरी ‘आते वय व्हयी गयं’ एवढ्यावर विषय संपत असणार. म्हणून सविस्तर लिहितो.

आबांचं वय ७४. सकाळी चहा घेतला की ठिबकच्या नळ्या बघत सगळी बाग फिरून येणारा माणूस. सगळ्यात आधी बदलली ती चाल. पावलं लहान झाली, दोन पायांत अंतर ठेवून चालायला लागले, पाय उचलायच्या ऐवजी घासत न्यायचे. खुर्चीवरून उठले की पहिलं पाऊलच पडायचं नाही. ‘मन्हा पाय भुईले चिकटी जातस’, हे त्यांचेच शब्द. वळायचं असलं की जागच्या जागी बारीक बारीक पावलं टाकत वळायचे आणि नेमका तिथेच तोल जायचा. उंबरा आला की थांबलेच. पण खाटेवर झोपवून सायकल चालवल्यासारखे पाय फिरवा म्हटलं की मस्त फिरवायचे. पायात ताकद होती, चालणं मात्र जमत नव्हतं.

मग काही महिन्यांनी लघवी. लागली की तिथल्या तिथे जावं लागायचं, आणि चाल अशी, त्यामुळे मोरीपर्यंत पोचेपर्यंत धोतर ओलं. आबांना त्याची इतकी लाज वाटायची की कुणाच्या लग्नाला जाणं बंद केलं, आखाजीला घरी आलेल्या लेकींसमोरही खोलीतून बाहेर येईनात. शेवटी डोकं मंद झालं. नावं, नाती विसरत नव्हते, पण काही विचारलं तर उत्तर यायला वेळ लागायचा. व्यापाऱ्याशी भावावरून तासभर घासाघीस करणारा माणूस घड मोजायला बसला की मधेच थांबून नुसता बघत राहायचा. पेपर हातात, पान तेच.

एका ठिकाणी गुडघ्याचं औषध मिळालं. दुसरीकडे प्रोस्टेटची गोळी. तिसरीकडे पार्किन्सन सांगून त्याची सिंडोपा ही गोळी सुरू झाली, डोस वाढवून झाला, फरक शून्य. मधे डोक्याचा सीटी स्कॅन केला होता, त्याच्या रिपोर्टवर लिहून आलं की वयोमानाप्रमाणे मेंदू आकसलाय आणि त्यामुळे आतल्या पोकळ्या मोठ्या दिसतात. आम्ही ती फिल्म कपाटात ठेवून दिली.

पुढे जळगावला एका न्यूरॉलॉजिस्टकडे नंबर लागला. त्यांनी फाइल उघडायच्या आधी आबांना व्हरांड्यात चालायला लावलं, वळायला लावलं, परत बोलावलं. मग आम्हाला तीन प्रश्न विचारले: आधी काय सुरू झालं, चाल की विसर? लघवी आधीपासून तुंबायची की आवरायची नाही? आणि हे किती काळात वाढलं? त्यानंतर एमआरआय. त्या दिवशी पहिल्यांदा नाव ऐकलं: नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस, थोडक्यात एनपीएच. मेंदूच्या पोकळ्यांत पाणी साठतं, पण दाब फार चढलेला नसतो.

खात्री करायला भरती करून कमरेतून पाणी काढलं. आधी चालण्याचा व्हिडिओ घेतला, वेळ मोजली. संध्याकाळी परत चालवलं. मी शेजारी धरायला उभा होतो आणि आबा माझा हात सोडून वळले. एका दमात वळले. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डातून खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘चाल, बाग दखी येऊ.’ तो फरक चार-पाच दिवसांत ओसरला, आणि तो ओसरणार हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पण निदान पक्कं झालं. पुढे न्यूरोसर्जनने शंट, म्हणजे डोक्यातलं जास्तीचं पाणी पोटात नेणारी नळी, बसवला. आता आबा काठी घेऊन बांधापर्यंत जातात, वेळेवर मोरीत पोचतात. हिशेब पहिल्यासारखा राहिलेला नाही, पण बोलतात, विचारतात, रागावतात.

ज्यांच्या घरी असा अनुभव आहे त्यांनी इथे लिहा. आणि ज्यांना आत्ता वाचताना कुणाचा चेहरा आठवला असेल, त्यांनी नक्की लिहा.

भरीत_भाकरी

तापीकाठ भाऊ, तुमचं वाचता वाचता माझ्या हातातला फोन मी दोनदा खाली ठेवला. मी भुसावळची. माझ्या सासूबाईंना पार्किन्सन सांगितलाय, वर्ष होऊन गेलं. गोळ्यांनी काही फरक नाही. हात अजिबात थरथरत नाहीत. पाय मात्र अगदी तुम्ही लिहिलंय तसेच, घासत. पापड वाळत घालायला गच्चीवर जायच्या, आता जिन्याच्या पहिल्या पायरीशी अडून बसतात. लघवीसाठी डायपर लावतो. या दोन आजारांतला फरक घरच्या माणसाला कसा कळणार? इथे कुणी डॉक्टर आहेत का?

गिरणाथडी

मी न्यूरोसर्जन आहे, धुळ्याच्या बाजूला काम करतो. इथे कुणाचं निदान करणार नाही, ते समोर तपासल्याशिवाय होत नाही. पण काय बघायचं ते सांगतो.

मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात आणि त्यात स्वच्छ पाण्यासारखा द्रव सतत तयार होत असतो, दिवसाला साधारण अर्धा लिटर. एका वेळी डोक्यात आणि मणक्यात मिळून असतो फक्त १५० मिली. म्हणजे दिवसातून तीनेक वेळा जुना शोषला जातो आणि नवा येतो. शेततळ्यात झऱ्याचं पाणी येतच राहावं आणि सांडवा मात्र गाळाने अर्धा बुजावा, तसं या आजारात होतं. पोकळ्या हळूहळू फुगतात आणि त्यांच्या कडेने जाणारे मेंदूचे धागे ताणले जातात. पायांकडे आणि मूत्राशयाकडे हुकूम नेणारे धागे त्याच भागातून जातात, म्हणून चाल आणि लघवी बिघडते. कोलंबियातले न्यूरोसर्जन सालोमोन हाकिम आणि अमेरिकेतले रेमंड अ‍ॅडम्स यांनी १९६५ मध्ये हा आजार मांडला. बहुतेक रुग्ण साठीच्या पुढचे असतात. काहींना कारण सापडत नाही. काहींच्या मागे जुना डोक्याचा मार, मेंदूतला रक्तस्राव किंवा मेंदुज्वर असतो, म्हणून ‘दहा वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून पडले होते’ ही गोष्ट डॉक्टरांना सांगायला विसरू नका.

आता भरीत_भाकरी ताईंचा प्रश्न. पार्किन्सनमध्ये बहुतेकदा एका बाजूने सुरुवात होते, हात आराम करताना थरथरतो, चालताना हाताचा झोका कमी होतो, माणूस पुढे वाकतो आणि गोळीने निदान सुरुवातीला तरी स्पष्ट फरक पडतो. एनपीएचमध्ये दोन्ही पाय सारखेच बिघडतात, पाय फाकवून चालणं असतं, हाताचा झोका बऱ्यापैकी राहतो, चेहरा आणि हात तुलनेने बरे. बिघाड मुख्यतः कमरेच्या खाली. पण नियम इतके कडक नाहीत, दोन्ही आजार एकत्रही सापडतात. पुरेसा डोस पुरेसे महिने घेऊनही गोळी लागू पडत नसेल तर न्यूरॉलॉजिस्टला ‘एनपीएच आहे का ते बघाल का?’ असं सरळ विचारा. असं विचारल्याचा चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. आणि चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

स्कॅनबद्दल. पोकळ्यांच्या पुढच्या शिंगांची रुंदी भागिले कवटीची आतली रुंदी, याला इव्हान्स इंडेक्स म्हणतात. तो ०.३ च्या वर असेल तर पोकळ्या मोठ्या. पण मेंदू आकसल्यानेही त्या मोठ्या दिसतात, तापीकाठ यांच्या रिपोर्टमध्ये तेच लिहिलं होतं. फरक वरच्या बाजूला दिसतो. मेंदू आकसलेला असेल तर माथ्याजवळच्या घड्याही रुंदावलेल्या असतात. एनपीएचमध्ये पोकळ्या मोठ्या पण माथ्याजवळच्या घड्या दाबून घट्ट झालेल्या, आणि दोन पोकळ्यांमधला वरचा कोन ९० अंशांपेक्षा कमी. हे एमआरआयच्या उभ्या छेदात चांगलं दिसतं. म्हणून जुन्या फिल्म टाकू नका. नुसता कागदी रिपोर्ट नको, फिल्म किंवा सीडी घेऊन जा.

आणि एक. कमरेतून पाणी काढायची तपासणी स्कॅनच्या आधी कधीच करू देऊ नका. वाट पूर्ण अडलेली असेल तर ती जिवावर बेतू शकते.

लेवा_कन्या

यावल तालुका. आमच्याकडे दुसऱ्या टोकाचा अनुभव आहे आणि तोही इथे नोंदवायला हवा, नाहीतर वाचणाऱ्या प्रत्येकाला आशा लागेल.

माझ्या वडिलांना, नानांना, आधी विसर सुरू झाला. तोच प्रश्न परत परत. शेताचा रस्ता चुकले, मनुदेवीच्या यात्रेत बरोबरच्या लोकांपासून सुटून भलतीकडे गेले. चाल तेव्हा ठणठणीत होती, ती तीन-चार वर्षांनी बिघडली. स्कॅनमध्ये पोकळ्या मोठ्या आल्या, मी इंटरनेटवर वाचलं आणि माझ्या मनाने घेतलं की हेच आहे. टॅप टेस्ट, म्हणजे कमरेतून पाणी काढून चाल बघायची तपासणी, झाली. काहीच बदल नाही. आणखी एका मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनीही अल्झायमर सांगितला आणि शंट न करायचा सल्ला दिला. त्या दिवशी फार वाईट वाटलं. आता वाटतं की त्यांनी नानांना एका निरुपयोगी ऑपरेशनपासून वाचवलं.

आधी चाल की आधी विसर, हा तापीकाठ यांनी लिहिलेला प्रश्न खरंच मोलाचा आहे.

गिरणाथडी

ताई, तुम्ही हे लिहिलंत हे फार बरं केलंत. क्रम महत्त्वाचा आहेच. विसर खूप पुढे गेलेला आणि चाल उशिरा बिघडलेली असेल तर शंटचा फायदा होण्याची शक्यता कमी असते.

एक पुस्ती जोडतो, तुमच्या नानांबद्दल नाही, इतरांसाठी. टॅप टेस्टमध्ये ३० ते ५० मिली पाणी काढतात आणि काही तासांनी, पुन्हा दुसऱ्या दिवशी चाल मोजतात. फरक पडला तर शंटचा उपयोग होण्याची शक्यता चांगली. पण फरक पडला नाही म्हणून आजार नाहीच असं छातीठोक म्हणता येत नाही. चाल आणि एमआरआय दोन्ही एनपीएचकडेच बोट दाखवत असतील तर काही केंद्रांत कमरेत बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस थोडं थोडं पाणी काढतात आणि मग ठरवतात. त्यासाठी भरती राहावं लागतं आणि जंतुसंसर्गाची जोखीम असते, म्हणून ते सगळीकडे होत नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन वगैरे, तर कमरेत सुई घालण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. पण हृदयात स्टेंट असलेल्यांनी त्या गोळ्या परस्पर थांबवायच्या नाहीत, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच.

आखाजीचा_झोका

मी फिजिओथेरपिस्ट, जळगाव. माझ्याकडे गुडघेदुखी म्हणून येणाऱ्या आजी-आजोबांमध्ये अशी चाल अधूनमधून दिसते. गुडघ्याचा माणूस दुखतं म्हणून लंगडतो, वजन टाकताना तोंड वाकडं करतो. एनपीएचच्या माणसाचं दुखत काहीच नसतं, पाय सुटतच नाही. हा फरक घरात बसून दिसतो.

डॉक्टरांकडे जाण्याआधी एक काम करा. मोबाइलवर व्हिडिओ घ्या. साधी खुर्ची ठेवा, तिथून तीन मीटरवर फरशीला खडूने रेघ मारा. माणसाने खुर्चीतून उठायचं, रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. कुणीतरी शेजारी चाला, पण धरू नका, फक्त पडणार नाहीत एवढं बघा. व्हिडिओ पूर्ण माणूस दिसेल असा, पावलं कापू नका. लुगड्याचा किंवा धोतराचा काठ थोडा वर खोचा. वळण्याचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. किती सेकंद लागले, वळायला किती पावलं लागली ते वहीत लिहा, तारखेसकट. दोन-तीन महिन्यांचे असे व्हिडिओ एकापाठोपाठ दाखवले की डॉक्टरांना जे कळतं ते पंधरा मिनिटांच्या ओपीडीत सांगून कळत नाही. गर्दीच्या दवाखान्यात म्हातारी माणसं हिय्या करून चार पावलं नीट टाकतात, ते वेगळंच.

शिवाय लघवीची वही. दिवसात किती वेळा, रात्री किती वेळा, किती वेळा कपडे ओले झाले. हे विचारताना आपलीच माणसं संकोचतात. सुनेने विचारलं तर सासरे सांगणार नाहीत, नातवाला किंवा मुलाला विचारू द्या.

तोपर्यंत घरात: रात्री मोरीच्या वाटेवर दिवा, ओल्या फरशीवर पोतं, उंबऱ्याशी आणि संडासात धरायला भिंतीत पक्का दांडा. सैल चपला काढून मागून पट्टा असलेली द्या. पाय अडकला की मागून ढकलू नका, ओढू नका. त्यांना थांबू द्या, मोठ्याने ‘एक, दोन’ म्हणा, पुढे आडवी रेघ किंवा काठी दाखवून ती ओलांडायला सांगा. बऱ्याच जणांचं पाऊल सुटतं.

सातपुडा_वारा

माझा मोठा भाऊ, वय ३४, चाकणला कंपनीत. त्याला सकाळी उठलं की डोकं ठणकायचं, उलटी झाली की बरं वाटायचं. पित्त म्हणून काढलं. मग एकाची दोन माणसं दिसायला लागली. तेव्हा स्कॅन केला तर डोक्यात पाणी, आतली एक बारीक वाट जन्मापासूनच अरुंद होती म्हणे आणि ती आता पूर्ण अडली. हे पण हायड्रोसेफॅलसच ना? कारण आबांसारखं त्याला काहीच नव्हतं. त्याला नळी बसवली नाही, दुर्बिणीतून आतल्या आत भोक पाडून पाण्याला नवीन वाट काढून दिली.

गिरणाथडी

हो, तेच नाव, प्रकार वेगळा. वाट अडते, दाब चढतो, म्हणून डोकेदुखी, उलटी, दोन-दोन दिसणं, गुंगी. हे दिवसांत किंवा तासांतही बिघडू शकतं. सकाळची वाढत जाणारी डोकेदुखी आणि उलटी, त्यात नजर किंवा शुद्ध बदलली तर ओपीडीच्या नंबराची वाट न बघता जिथे सीटी स्कॅनची सोय आहे अशा मोठ्या रुग्णालयात थेट आपत्कालीन विभागात जा. तुमच्या भावाचं दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे ईटीव्ही, तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र करतात. अशा अडलेल्या वाटेला ते चांगलं चालतं. पण ते छिद्र नंतर क्वचित बुजतं, तीच लक्षणं परत आली तर त्याला लगेच दाखवायला सांगा, वर्षांनंतर आली तरी.

आपल्या भागात आणखी एक प्रकार दिसतो तो टीबीच्या मेंदुज्वरानंतरचा. तरुण माणसं असतात. महिनाभर बारीक ताप, डोकेदुखी, मग वागणं बदलतं, गुंगी येते. त्यांना शंट लागला तरी टीबीच्या गोळ्या पूर्ण मुदत घ्याव्याच लागतात. शंटने पाणी निघतं, जंतू मरत नाहीत.

शहादेकर

विषय चांगला काढला भाऊ. मला दोन गोष्टी विचारायच्या. आमच्या तात्यांचं वय ८१, शुगर आहे, चाल अशीच. एवढ्या वयात डोक्याचं ऑपरेशन करावं का? भाऊबंदकीत सगळे म्हणतात कशाला जिवाला त्रास. दुसरं, खर्च. कापसाचे पैसे येईपर्यंत हात रिकामा आहे. आमच्याकडे लोक सुरतला जातात, तिकडे खर्च किती येईल काही अंदाज नाही.

तापीकाठ

शहादेकर दादा, खर्चाचं आम्ही जे केलं ते सांगतो. ऑपरेशनचा खर्च मुख्यतः वाल्व्हवर, म्हणजे नळीतून किती पाणी जाईल ते ठरवणाऱ्या झडपेवर, ठरतो. ठरावीक दाबाचा भारतात बनलेला वाल्व्ह स्वस्त असतो. बाहेरून चुंबकाने दाब कमी-जास्त करता येणारा परदेशी वाल्व्ह त्याच्या कितीतरी पट महाग. आम्ही सर्जनना सरळ विचारलं की आमच्या माणसाला महागाची गरज आहे का. त्यांनी कारण समजावून सांगितलं आणि निर्णय आमच्यावर सोडला.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आता सगळ्या रेशनकार्डवाल्यांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण प्रत्येक रुग्णालय आणि प्रत्येक ऑपरेशन त्यात नसतं. भरती होण्याच्या आधी योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशनकार्ड, आधार आणि स्कॅन घेऊन जा आणि विचारा: शंटचं ऑपरेशन इथे योजनेत होतं का, वाल्व्ह कोणता मिळेल, वरचा फरक आम्हाला भरावा लागेल का. भरती झाल्यावर विचारलं तर गोंधळ होतो. तुम्ही महाराष्ट्राच्या योजनेवर अवलंबून असाल तर सुरतला निघायच्या आधी हे नक्की विचारून घ्या. धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला त्यामानाने जवळ आहे, तिथे आधी दाखवून पुढे कुठे जायचं ते विचारता येईल.

वयाबद्दल डॉक्टरांनीच बोलावं.

गिरणाथडी

८१ आहे म्हणून नाही म्हणत नाहीत. भूल झेपेल का, हृदय-फुप्फुस कसं आहे, शुगर आवाक्यात आहे का, आणि मुळात फायदा होण्याची चिन्हं आहेत का, हे बघतात. शंटचं ऑपरेशन तास-दीड तासाचं असतं. कवटीला लहान छिद्र, तिथून नळी पोकळीत, कानामागे वाल्व्ह, आणि कातडीखालून मान-छातीवरून पोटापर्यंत नळी. जास्तीचं पाणी पोटात जाऊन शोषलं जातं. बाहेर काही लोंबत नाही. सगळ्यात चांगली सुधारते ती चाल, त्याखालोखाल लघवी, आणि स्मरणशक्तीची हमी सगळ्यात कमी. जितका उशीर तितका फायदा कमी.

हा फायदा खरा आहे की घरच्यांना वाटतं म्हणून, अशी शंका बरीच वर्षं घेतली जायची. २०२५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ९९ रुग्णांची चाचणी आली. टॅपने चाल सुधारलेल्या रुग्णांनाच घेतलं होतं. शंट सगळ्यांना बसवला, पण निम्म्यांचा वाल्व्ह चालू आणि निम्म्यांचा जवळजवळ बंद ठेवला, आणि कुणाचा कसा आहे ते रुग्णांना माहीत नव्हतं. तीन महिन्यांनी चालू वाल्व्ह असलेल्यांची चाल स्पष्टपणे वेगवान होती. डोक्यात रक्त साठण्याचे प्रकारही त्यांच्यातच जास्त होते. दोन्ही बाजू सांगतो, भाऊबंदांसमोर दोन्ही ठेवा.

तात्यांना काय हवंय तेही विचारा. त्यांच्यासमोर, त्यांच्याशी बोला. डोकं मंद झालेलं असलं तरी बहुतेकांना ‘परत चालायला लागायचंय का’ याचं उत्तर देता येतं.

कानबाईचा_रोट

अमळनेर. रक्त साठण्याचा विषय निघाला म्हणून लिहिते. आईला शंट बसला, चाल सुधारली, आम्ही खूश. दीडेक महिन्याने मागच्या अंगणात पाय घसरून पडली. डोक्याला टेंगूळही नव्हतं. आठवड्याभरात डोकं दुखायला लागलं, बोलणं जड झालं, उजवा हात ढिला. स्कॅनमध्ये कवटीच्या आत मेंदूवर रक्त साठलेलं. पाणी जास्त निघालं की मेंदू कवटीपासून थोडा सुटतो आणि बारीक शिरा ताणतात, असं आम्हाला समजावलं. आईचा वाल्व्ह दाब बदलता येणारा होता, त्यांनी बाहेरूनच दाब वाढवून ठेवला, वारंवार स्कॅन केले आणि रक्त हळूहळू विरलं. पुन्हा डोकं उघडावं लागलं नाही.

शंट झाल्यावर माणूस चालायला लागतो आणि त्यामुळेच जास्त फिरतो, जास्त पडतो. पडला तर वरून काही दिसत नसलं तरी डॉक्टरांना फोन करा. ताप, टाक्यांतून पाणी, नळीच्या वाटेवर लाली किंवा सूज, पोटात दुखणं, झटका, गुंगी, यातलं काही दिसलं तरी तसंच. आणि उभं राहिलं की डोकं दुखतं, झोपलं की थांबतं, असं असेल तर पाणी जास्त जातंय का ते बघून घ्या.

केळीचं_खोड

आमच्याकडे पायाला तेल चोळून आणि बी१२ ची इंजेक्शनं देऊन वर्ष गेलं. ती चुकीची होती का?

आखाजीचा_झोका

बी१२ कमी असल्यानेही चाल आणि स्मरण दोन्ही बिघडतं, आपल्याकडे शाकाहारी घरांत ते बरंच आढळतं. त्यामुळे रक्त तपासून दिलेली इंजेक्शनं योग्यच. थायरॉइड, मानेतला किंवा कमरेतला दबलेला मणका, हेही बघावंच लागतं. तेलानेही नुकसान काही नाही. पण बी१२ भरून निघाल्यावरही चाल बिघडतच असेल तर स्कॅन व्हायला हवा.

भरीत_भाकरी

सगळ्यांचे आभार. आखाजीचा_झोका ताईंनी सांगितला तसा व्हिडिओ काढला. वळायला सासूबाईंना नऊ पावलं लागली. पंधरा महिन्यांपूर्वीचा एक सीटी होता तोही सापडला. सोमवारी जळगावची वेळ मिळालीय. सिंडोपा त्या दिवशी सकाळी द्यायची का? आणि त्या बायपासच्या पेशंट आहेत, रक्त पातळ करायची गोळी आहे.

गिरणाथडी

दोन्ही गोळ्या नेहमीच्या वेळी द्या. पहिल्या भेटीत फक्त तपासणी होईल, सुई नाही. सिंडोपा कधी सुरू झाली, डोस किती आणि कधी वाढवला, आणि दिवसातल्या कोणत्या वेळी चाल बरी असते, हे एका कागदावर लिहून न्या. बायपासचं डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवा. एमआरआय सांगितला तर बायपासच्या वेळी काही धातू किंवा पेसमेकर बसवलाय का ते तिथल्या तंत्रज्ञाला आधी सांगा. आणि जुना सीटी डॉक्टरांनी स्वतः बघावा असा आग्रह धरा, त्यात पोकळ्या मोठ्या दिसत असतील तर नव्या स्कॅनशी ताडून बघता येईल.

भरीत_भाकरी

लिहून घेतलं. सोमवारी रात्री इथेच कळवते.